अनुदान लागवड तंत्र : तासगाव तालुक्यातील नवशिक्यांसाठी सुधारित शिफारशी

तासगावच्या शेतकऱ्याला द्राक्ष शिकवायला जाऊ नये. एप्रिलची खरड छाटणी कधी, ऑक्टोबरची फळछाटणी कधी, आभाळ आले की दावण्याची फवारणी कोणत्या प्रहरी घ्यायची, बेदाण्याला डिपिंग ऑइल किती आणि माल रॅकवर किती दिवस ठेवायचा, हे त्याला झोपेतून उठवून विचारले तरी तो सांगेल. थॉमसनमधून ‘तास-ए-गणेश’ निवडून काढणारा तालुका आहे हा! पण हाच गडी सरकारी अनुदान या पिकात मात्र दरसाल मार खातो. कारण सरळ आहे. हे पीक रानात येत नाही, कागदावर येते, आणि त्याचे लागवड तंत्र कुठल्याही कृषी विद्यापीठाने अजून छापलेले नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हा प्रपंच.

पुढील शिफारशी क्रमाने अमलात आणाव्यात. एखादी पायरी गाळल्यामुळे येणाऱ्या तुटीला आम्ही जबाबदार नाही. एकही पायरी न गाळता येणाऱ्या तुटीलाही नाही.

१. पूर्वतयारी : योग्य घरात जन्म घ्या

अनुदानाची खरी मशागत तुमच्या जन्माआधी सुरू होते. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार हवे असतील, तर जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर असली पाहिजे. त्यानंतर वारसाने आलेली चालते, विकत घेतलेली चालत नाही. तेव्हा पै-पै साठवून २०२१ साली तुम्ही मांजर्ड्याला दोन एकर रान घेतले असेल, तर योजनेच्या लेखी ती तुमची हौस आहे. नवशिक्यांनी हे मनाला लावून घेऊ नये. आजोबा निवडताना घाई झाली, एवढेच समजावे.

२. जमीन : काळी की मुरमाड, हे बघू नका

अनुदानाला निचऱ्याची जमीन लागत नाही. लागतो सातबारा, आणि त्याला जोडून आठ-अ. सातबारा हातात आला की आधी तुमचे नाव त्यावर आहे का ते बघा. बहुधा नसेल. तिथे आजोबांचे किंवा थोरल्या चुलत्यांचे नाव असेल आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिलेले असेल. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. कुटुंब मोडून दोन पिढ्या झाल्या, चुली सात झाल्या, बांधावरून तीन दावे झाले. मॅनेजर मात्र कागदावर अजून कामावर आहेत.

नाव असलेच तर ते सामाईक क्षेत्रात असेल. मग सर्व सहहिस्सेदारांचे संमतीपत्र आणा. एक चुलतभाऊ गलाईच्या धंद्यात कोईमतूरला, दुसरा मुंबईत, एक आत्या मिरजेला, आणि शेजारचा सख्खा भाऊ बोलत नाही. यात कोईमतूरचा सर्वांत आधी सही देतो, हे अनुभवाने सांगतो. भावाच्या सहीसाठी पाहुण्यांतले एखादे वजनदार माणूस धरा आणि बोलणी सुरू करण्याआधी बांधाचा विषय काढू नका.

३. बियाणे : नाव एकाच वाणाचे वापरा

आपल्याकडे माणसाला कमीत कमी तीन नावे असतात. सातबाऱ्यावर ‘बाळासो’, आधारवर ‘बाळासाहेब’, बँकेच्या पासबुकात ‘बाळू’. गावाला ही तिन्ही माणसे एकच वाटतात, कारण गाव अडाणी. संगणकाला मात्र चटकन कळते, की हे तिघे वेगवेगळे इसम असून एकाच बायकोबरोबर राहत आहेत.

उपाय : आधार दुरुस्त करा. आधारसाठी पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला लागेल. दाखल्यावर मास्तरांनी ‘बाळकृष्ण’ लिहिलेले आहे. आता इसम चार झाले. घाबरू नका, एवढ्यात खचून जाणारे लोक हळद लावतात.

४. उगवणक्षमता चाचणी : आपण शेतकरी आहोत याची खात्री करून घ्या

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. तो काढेपर्यंत तुम्ही जे काही तीस वर्षे करत होता त्याला छंद म्हणतात. क्रमांक मिळाला की तो पाठ करा, दाराच्या चौकटीवर लिहा, सुनेच्या मोबाईलमध्ये ठेवा.

त्यानंतर ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवरून करायची सोय झाली. बागेत उभे राहा, फोटो काढा, मग रेंज मिळेल त्या टेकावर चढून पाठवा. मुदत टळली, तर सातबाऱ्यावर ते रान पडीक दिसू शकते. समोर घड लोंबत असतील, व्यापारी दर ठरवून गेला असेल, तरी वाद घालू नये. कागदावर जे उगवले नाही ते उगवलेच नाही.

५. शिवारफेरी : कचेरी ओळखा

तालुक्यात शेतीची कचेरी एकच असते, असे समजणारा माणूस दुपारच्या एसटीने रिकामा परत येतो. तालुका कृषी अधिकारी राज्य शासनाचे. पंचायत समितीतला कृषी विभाग जिल्हा परिषदेचा. ठिबक आणि औजारे पहिल्याकडे. विहीर दुसरीकडे, पण ती रोजगार हमीतून हवी असेल तर सुरुवात ग्रामपंचायतीतून. बंधारा मृद व जलसंधारण विभागाचा, झाडे सामाजिक वनीकरणाची, आणि म्हैसाळ, ताकारी, टेंभूचे पाणी जलसंपदा खात्याचे. नांगर तेवढा तुमचा.

माणसे ओळखणे हीही एक कला आहे. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले आणि कृषी सहायक २०२५ पासून सहाय्यक कृषी अधिकारी. नव्या नावाने चौकशी केली तर गावात कुणी पत्ता सांगणार नाही. जुन्या नावाने समोर हाक मारली तर काम होणार नाही. शोधताना जुने नाव वापरा, सापडल्यावर ‘साहेब’ म्हणा.

वेळेचेही भान ठेवा. सोमवारी मीटिंग असते, मंगळवारी सांगलीला मीटिंग असते, बुधवारी त्या मीटिंगचा अहवाल असतो. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तर जाऊच नका. रथोत्सव असतो, अख्खा तालुका दोर ओढायला गेलेला असतो. तुम्हीही तिकडेच जा. तो रथ निदान त्याच दिवशी हलतो.

६. वाणाची निवड : आपल्या भागात येणारी योजना निवडा

नवशिके इथेच फसतात. मोबाईलवर एक हसरा गृहस्थ ‘शेतकऱ्यांनो, खुशखबर’ म्हणतो आणि हे सकाळी झेरॉक्सच्या दुकानात उभे. आधी योजना कुठली, कुणासाठी ते वाचा. ‘पोकरा’ २०१८ साली आली ती मराठवाड्यात, विदर्भात आणि जळगावला. सांगली जिल्हा तिच्या नकाशावर नव्हता. तिचे व्हिडिओ मात्र सावळजला चांगले दिसतात.

त्याच वर्षी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. यादी भरगच्च : आंबा, काजू, पेरू, चिकू, डाळिंब, सीताफळ, चिंच, जांभूळ, फणस, कोकमसुद्धा. ती यादी हाती घेऊन मणेराजुरीच्या माणसाने द्राक्ष शोधू नये. तासगावात कोकम लावायचे धाडस असेल, तर शासन तुमच्या पाठीशी होते.

ठिबकची योजना मात्र आपल्या हवामानात चांगली रुजते. केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. त्यावर राज्याचे पूरक अनुदान धरून अनुक्रमे ८० आणि ७५ टक्के. आकडा ऐकून लगेच पेढे वाटू नका. हे ८० टक्के तुमच्या बिलाचे नाहीत. सरकारने ठरवलेल्या मापदंडाच्या खर्चाचे आहेत. बिल दुकानदार काढतो, मापदंड दिल्लीत ठरतो. दोघांची भेट झाल्याचे ऐकिवात नाही. मधली रक्कम तुमची. तिला ‘लोकसहभाग’ म्हणायला शिका, मन हलके होते.

७. पेरणी : अर्ज

महाडीबीटी पोर्टलवर एकच अर्ज करायचा आणि अनेक योजना त्यातच मागायच्या, अशी सोय आहे. शुल्क २३ रुपये ६० पैसे. साठ पैसे सुटे आणू नका. सेतूवाल्याची फी वेगळी, ती सुट्यात नसते.

पूर्वी यात सोडत निघायची. म्हणजे लॉटरी. नाव निघाले नाही तर नशिबाला बोल लावता यायचा, त्यात एक समाधान होते. २०२५ पासून ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ आले. आता दोष तुमचाच : तुम्ही उशिरा उठलात.

पेरणीला मुहूर्त पहाटे चारचा. त्या वेळी सर्व्हर झोपेत असतो आणि चुकून एखादा अर्ज आत घेतो. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येईल. तो नंबर तुम्ही २०१६ साली बंद केला. आधार केंद्रात जा, नवा नंबर जोडा, परत या. तोवर चाळीस जण ‘प्रथम’ आलेले असतील.

निवड झाल्याचा निरोप मोबाईलवर येतो. तो नेमका फळछाटणीच्या धामधुमीत येतो, पेस्ट लावणाऱ्या बायका रानात असतात आणि तुमचा मोबाईल ट्रॅक्टरच्या सीटखाली. कागदपत्रे अमुक दिवसांत चढवा, नाहीतर अर्ज आपोआप रद्द. इथे एक शास्त्रीय नियम लक्षात ठेवा : या पिकात मुदत नेहमी शेतकऱ्याला असते.

८. पाणी व्यवस्थापन : जलसंधारणाची तासगाव पद्धत

शेततळ्याची मूळ कल्पना सोपी होती. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवायचे, साठवायचे, अडीअडचणीला वापरायचे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ आले, पन्नास हजारांपर्यंत अनुदान होते. पुढे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत ते पंचाहत्तर हजारांपर्यंत गेले. फक्त एक अडचण : तालुक्याच्या पूर्व भागात वाहून जाण्याइतका पाऊस दरवर्षी येतोच असे नाही. यावर शेतकऱ्याने तोडगा काढला. नवशिक्यांसाठी कृती अशी :

अ) खड्डा काढा. ब) कागद अंथरा, म्हणजे पाणी जमिनीत मुरण्याचा धोका टळतो. क) बोअर मारा, सहाशे फुटांपर्यंत जा. ड) बोअरचे पाणी तळ्यात सोडा आणि उन्हात ठेवा. इ) काठावर उभे राहून फोटो काढा आणि फोटोखाली लिहा : ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’.

जमिनीखालचे पाणी वर काढून वाफ होण्यासाठी उघड्यावर ठेवणे, याला जलसंधारण म्हणतात. २५ डिसेंबर २०१९ ला अटल भूजल योजना सुरू झाली, तिच्यात राज्यातल्या तेरा जिल्ह्यांत सांगलीही होता. गावाने आपल्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पीक पाण्याप्रमाणे घ्यायचे, असा तिचा गाभा. कल्पना उत्तम. ताळेबंद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटने सुंदर रंगवता येतो. तो वाचायला मात्र सकाळी जा. संध्याकाळी लाईट येते आणि सगळे मोटर चालू करायला रानात गेलेले असतात. भिंतीवरच्या आकड्याला मोटरचा आवाज ऐकू जात नाही, आणि बागेला एक पाणी कमी पडले तर कर्जाचा हप्ता चुकतो. तुमच्यावर दोष ठेवायचा हेतू नाही. फोटोत हसू नका, एवढीच विनंती.

९. पीक संरक्षण : नुकसान नियमात बसवा

पीकविम्याचे हवामान लहरी आहे. २०२३ च्या खरिपात तो एका रुपयात मिळू लागला, २०२५ च्या खरिपात तो रुपया गेला. बागेचे गारपिटीने नुकसान झाल्यावर ७२ तासांच्या आत कळवायचे. गारा पडल्या, लाईट गेली, मोबाईल उतरला, टोल-फ्री नंबरवर ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ अशी बाई बोलत राहिली, तरी घड्याळ चालूच. भरपाई किती तासांत यायची, हे विचारणे असभ्यपणाचे आहे.

द्राक्षाला हवामान आधारित फळपीक विमा. त्यात पावसाच्या नुकसानीला तुमची बाग कुणी बघत नाही. महसूल मंडळातले हवामान केंद्र काय म्हणते ते बघतात. म्हणून पाऊस पाडून घेताना तो केंद्रावर पडेल अशी व्यवस्था करा. तुमच्या बागेत मणी फुटले आणि यंत्रावर थेंब पडला नाही, तर पाऊस पडलाच नव्हता. बाग लावण्यापूर्वी केंद्राशेजारी जमीन मिळते का ते पाहावे. पण ती १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेऊ नये, पायरी एक बघा.

पंचनाम्याचे तंत्र त्याहून नाजूक. मदतीसाठी नुकसान किमान ३३ टक्के लागते. बत्तीस टक्क्यांवर निसर्गाला थांबू देऊ नका, विनंती करून एक टक्का वाढवून घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात घड कुजून गळतात, वेल मात्र पानांनी भरलेला राहतो. पंचनाम्याला आलेला माणूस म्हणतो, ‘बाग तर झकास दिसतीया की!’ अशा वेळी त्याला मांडवाखाली न्या, मान वर करायला सांगा आणि जे नाही ते दाखवा. नसलेला घड दाखवणे ही या व्यवसायातली सर्वोच्च कारागिरी आहे.

हे सगळे जमले तर केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. एकरी हिशेब नऊ हजारांच्या आसपास येतो. द्राक्षाचा एकरी खर्च लाखांत असतो, हे तुम्ही जाणताच. ती दोन वाक्ये एकापाठोपाठ मोठ्याने वाचू नका, घरातली म्हातारी माणसे ऐकत असतात.

१०. काढणी

पूर्वसंमती आली, सामान घेतले, बिल चढवले. आता मोका तपासणी. साहेब येतील, ठिबकच्या नळीशेजारी तुम्हाला उभे करतील, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो घेतील. आंघोळ करून जा. हा फोटो तुमच्या लग्नाच्या फोटोपेक्षा जास्त लोक बघणार आहेत.

पैसे थेट खात्यात येतात, यात शंका नाही. कोणत्या खात्यात, यात आहे. तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात येतील असे समजू नका. आधारला जे खाते जोडले आहे त्यात येतील. गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी उघडलेले, पासबुक हरवलेले, शाखा आठवत नसलेले एक खाते प्रत्येकाला असते. अनुदान तिथे शांतपणे पडलेले असते.

काढणीचा उत्तम काळ मार्चअखेर. त्याच पंधरवड्यात शेडवर बेदाणा वाळत असतो, मजूर मिळत नाहीत आणि वळवाचे आभाळ आलेले असते. दोन्ही पिके एकदम काढणीला आली, तर आधी बेदाणा झाका.

११. जुने वाण

एक शिफारस जुन्या, आता दुर्मिळ झालेल्या वाणाची. तेही याच तालुक्यातले आहे. विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली तासगाव तालुक्यात त्यांच्या कल्पनेतली एक योजना करून बघितली गेली : अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसाने काम मागितले, तर सरकारने ते द्यायचे. त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. बहात्तरच्या दुष्काळात याच वाटेने लोक जगले, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली देशाने तोच धडा रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात घेतला.

त्या वाणाचा गुण बघा. काम मागणे एवढीच पात्रता. आणि पंधरा दिवसांत काम दिले नाही, तर भत्ता देण्याची जबाबदारी सरकारची. अंमलात खोट निघाली, खोट्या हजेऱ्या लागल्या, पगार तुंबले, हे सगळे खरे. पण मुदत सरकारला होती आणि उशिराचा दंडही सरकारला. आता बहात्तर तास तुम्हाला, कागदपत्रांचे दिवस तुम्हाला, खरेदीची मुदत तुम्हाला. पैसे कधी, या रकान्यात ‘निधी उपलब्धतेनुसार’. ज्या तालुक्याने देशाला ‘मागेल त्याला काम’ शिकवले, तिथला शेतकरी आज ‘मागेल तो कागद’ गोळा करत हिंडतो, आणि त्याला वाटते की चूक आपल्याच फाईलमध्ये आहे.

ती चूक तुमची नाही. योजना वाईट असतात असेही नाही. ठिबकने या तालुक्यातल्या बागा वाचवल्या आहेत आणि अनुदान मिळाल्यावर ते पैसे खरेच उपयोगी पडतात. म्हणून अर्ज करू नका असे कुणी सांगितले तर ऐकू नका.

आता चेष्टा पुरे. दोन गोष्टी खऱ्या सांगतो, त्या तेवढ्या लक्षात ठेवा. पूर्वसंमतीचे पत्र हातात येईपर्यंत एक फूट नळीसुद्धा विकत घेऊ नका, कारण आधीच्या तारखेच्या बिलाला अनुदान मिळत नाही. आणि कुठल्याही कचेरीत कागद दिला, तर पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. २०१५ पासून राज्यात लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित झालेल्या सेवांना मुदत आहे आणि ती मोडली तर अपील करता येते. पण मुदत मोजायची तर कुठून मोजायची ते कागदावर असावे लागते. पोच घ्या, आणि तिच्यावर तारीख घालून घ्या.